कोन हाय रं तिकडं?

आमचे तात्या रात्री शेतात काही हललं की एकच हाक मारतात. ‘कोन हाय रं तिकडं?’ पाचट वाजलं तरी तीच, बांधावरून कुत्रं गेलं तरी तीच, आणि नुसतं वारं असलं तरी तीच. लहानपणापासून मी ती एकच हाक, एकच प्रश्न म्हणून ऐकत आलो. गेल्या दोन हिवाळ्यांत अंधारात बघायची दोन-तीन यंत्रं हाताळली तेव्हा ध्यानात आलं, की तिच्यात दोन प्रश्न आहेत. तिकडं कुणी आहे का? आणि असेल तर कोण? दिवसाउजेडी दोन्ही एकदमच सुटतात, त्यामुळे ते दोन आहेत हे जाणवतही नाही. रात्री ते सुटे होतात. पहिल्याचं उत्तर देणारं यंत्र वेगळं, दुसऱ्याचं वेगळं. हे ठाऊक नव्हतं तोवर मी पैसे घालवले, एकदा पाटात पडलो, आणि एका सज्जन शेजाऱ्याला नको त्या अवस्थेत वाघ ठरवून बसलो.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, बाजरी मागे सरली, ऊस आला, आणि उसाच्या पाठोपाठ बिबट्या. वर्ष-सव्वा वर्ष उभं राहणारं पीक, आत गारवा, शेजारी पाणी, वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. आपण त्याला शेत म्हणतो, पण बिबट्याची मादी त्यात बिनदिक्कत पिल्लं घालते. ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडल्याच्या बातम्या आमच्याकडे दरवर्षी येतात. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीवस्तीत कॅमेरे लावून मोजदाद केली होती. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. शंभर चौरस किलोमीटरमागे सरासरी ४.८ प्रौढ बिबटे. जंगल नाही, अभयारण्य नाही, नुसती शेतं आणि माणसं. आमच्या म्हाताऱ्यांना या आकड्याचं फारसं नवल वाटलं नाही. ते त्याला बिबट्या म्हणतही नाहीत. वाघच म्हणतात, आणि वाघोबाला नारळ फोडतात.

अडचण अशी, की मोटारीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात अकराला स्टार्टर दाबायचा आणि पहाटेपर्यंत उसाला दारं धरायची. तात्यांचं वय अडुसष्ट. एका हातात खोरं, दुसऱ्यात बॅटरी, खिशातल्या मोबाइलवर मोठ्यानं लावलेलं भजन. बोलत राहा, गात राहा, एकटे जाऊ नका, वाकून काम करताना मागे लक्ष ठेवा, असं वनखात्याची माणसं गावात येऊन सांगतात, आणि तात्या त्यातलं ‘एकटे जाऊ नका’ सोडून सगळं पाळतात. मी पुण्यात. रात्री दोनला जाग आली की मला आधी तो ऊस दिसायचा.

म्हणून एका दिवाळीनंतर मी ऑनलाइन एक ‘नाइट व्हिजन’ दुर्बीण मागवली. जाहिरातीत हिरवट उजेडात हरीण उभं होतं. किंमत परवडणारी होती, आणि तिथंच शंका यायला हवी होती.

ही दुर्बीण म्हणजे खरं तर एक साधा डिजिटल कॅमेरा आणि त्याच्या डोक्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा दिवा. घरी बसून याची प्रचीती घ्यायची असेल तर टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. रिमोटच्या टोकाला दिवा लुकलुकताना पडद्यावर दिसेल, नुसत्या डोळ्यांना काही दिसणार नाही. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्याला हा उजेड अडवणारी काच असते, मग सेल्फीचा कॅमेरा वापरा. तांबड्या रंगाच्या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलेला हा उजेड. आपल्या डोळ्यांना तो नाही, कॅमेऱ्याच्या चिपला आहे. दुर्बिणीचा दिवा बहुधा ८५० किंवा ९४० नॅनोमीटर लांबीच्या लाटेचा असतो. ८५०चा लांब जातो, पण दिव्याकडे थेट पाहिलं तर बारीकसा लाल निखारा दिसतो. ९४०चा अजिबात दिसत नाही आणि तेवढाच कमी पोहोचतो.

म्हणजे मी तात्यांना दिली ती दुसरी बॅटरीच होती, फक्त तिचा उजेड बघायला एक पडदा लागायचा. पुण्यात गच्चीवरून समोरच्या इमारतीवरचं मांजर तिच्यातून झकास दिसलं. गावाकडे डिसेंबरात, नुकतं पाणी पाजलेल्या रानात, रात्री एक वाजता धुकं उतरलं होतं. बटण दाबलं आणि पडदाभर पांढरं. माळशेज घाटात पावसाळ्यात गाडीचा दिवा वरचा केला की समोर जशी भिंत उभी राहते, अगदी तशी. आपलाच उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत. धुकं विरलं तेव्हा पहिल्या दोन सऱ्यांची पानं चुना लावल्यासारखी चमकली आणि त्यापलीकडे काळोख. तात्यांनी दोन मिनिटं पाहिलं, यंत्र परत दिलं आणि म्हणाले, “माझी बॅटरी बरी. निदान डोळं चमाकल्यालं तरी दिसत्यात.”

बरोबरच होतं ते. मांजरकुळातल्या प्राण्यांच्या डोळ्यात, मागच्या बाजूला, आरशासारखा एक पडदा असतो, तो आत आलेला उजेड पुन्हा एकदा वापरतो आणि उरलेला परत फेकतो. बॅटरीच्या झोतात जे दोन दिवे लागतात ते हेच. पण त्यासाठी जनावरानं तुमच्याकडे बघायला हवं. बिबट्या तुमच्याकडे पाठ करून बसला असेल, किंवा उसात दोन हात आत असेल, तर बॅटरीला तो नाहीच.

खरी नाइट व्हिजन म्हणजे काय ते मी पाहिलं टेक्सासात, मावसभावाकडे गेलो होतो तेव्हा. त्याच्या शेजाऱ्याकडे चांदण्याचा उजेड वाढवून दाखवणारी काचेची नळी होती. तिकडे रानडुकरांनी शेतीचा उच्छाद मांडलेला असतो, आणि खासगी जमिनीवर रात्री त्यांची शिकार चालते. ही सगळी यंत्रं तिकडे नागरी बाजारात एवढी का पसरली याचं निम्मं उत्तर मला त्या एका अंगणात मिळालं. नळीची करामत मोठी सुंदर आहे. पुढच्या भिंगातून आलेला चांदण्याचा कण एका पातळ थरावर पडतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन सुटतो. तो पुढे एका चकतीत शिरतो. तिच्यात लाखो बारीक, तिरक्या नळ्या. भिंतीवर आपटत जाताना एकाचे दोन, दोनाचे दहा, दहाचे हजार होतात. भजनात बुवांनी ‘विठ्ठल’ एकदाच म्हणावं आणि मागच्या तीस जणांनी ते उचलावं, तसं. शेवटी हे सगळे एका फॉस्फरच्या पडद्यावर आदळतात आणि पडदा उजळतो. हिरवा का, तर आपल्या डोळ्याला हिरव्या छटा सगळ्यांत जास्त उमजतात. आता पांढऱ्या फॉस्फरच्याही नळ्या निघतात.

या नळ्यांच्या पिढ्या सांगतात. १९६०च्या दशकात व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांच्या हाती होत्या त्या पहिल्या पिढीच्या. ती चकती आली दुसऱ्या पिढीत. तिसरीत पुढचा थर गॅलियम आर्सेनाइडचा झाला. टेक्सासातली नळी तिसरीची होती, तिची किंमत ऐकून मी ती दोन्ही हातांनी धरली. त्यातून गवताचं पातं दिसलं, मावसभावाच्या सदऱ्याची बटणं दिसली, आणि वर पाहिलं तर इतके तारे, की खाली बघावंसंच वाटेना. ‘कोण?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायला याच्यासारखं दुसरं काही नाही. पण तिला थोडा तरी उजेड लागतो. पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर फार तर पाव लक्स उजेड असतो. अवसेला, नुसत्या ताऱ्यांवर, तो लक्सच्या हजाराव्या भागापर्यंत उतरतो. आठ फूट उंच उसाच्या दोन फडांमधल्या बांधावर त्याहूनही कमी. शिवाय जे उजेडात लपतं ते नळीतही लपतं. पाचटाच्या रंगाचं जनावर पाचटावर निवांत बसलं असेल तर भर दुपारी तरी कुठं दिसतं?

मग उरली उष्णता. ही गोष्ट १८०० सालापासून माणसाला ठाऊक आहे. विल्यम हर्शेल, ज्यानं युरेनस शोधला तोच, सूर्यप्रकाश लोलकातून पाडून प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून बघत होता. तांबड्याच्या पलीकडे, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा जास्त चढला. आपण, कुत्री, दगड, मोटार, सगळेच सदा सर्वकाळ हे अदृश्य किरण सोडत असतो. सजीवाच्या अंगातून निघणाऱ्यांचा जोर साधारण दहा मायक्रोमीटरला असतो, म्हणजे दिसणाऱ्या उजेडाच्या जवळजवळ वीसपट लांबीच्या लाटेला. थर्मल यंत्र हेच किरण टिपतं. त्याला चंद्र नको, तारे नकोत, दिवा नको. आतल्या चिपवर व्हॅनेडियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉनचे केसाहून बारीक ठिपके असतात. किरण पडले की ते किंचित तापतात, तापले की त्यांचा विजेला होणारा विरोध बदलतो, त्या बदलाचं चित्र बनतं. भिंग काचेचं नसतं, कारण हे किरण काचेतून जातच नाहीत. ते जर्मेनियमचं असतं, आणि थर्मल महाग असण्याचं एक कारण तेच.

थर्मल हाती आलं त्या पहिल्या रात्री मी हे पाठ असूनही घरातूनच खिडकीबाहेर बघायचा प्रयत्न केला. दिसलो मीच. काचेत माझंच भूत, नाक तेवढं काळपट, कारण नाक गार असतं. तात्यांनी डोकावून पाहिलं आणि काकूंना हाक मारली. अर्धा तास आम्ही शेतात गेलोच नाही. गोठ्यातली गाय पाहिली, म्हशीच्या कानातल्या शिरा पाहिल्या, नुकत्याच बंद केलेल्या चुलीची भिंत पाहिली. अंगणातला कुत्रा उठून गेला तरी शेणसारवणावर त्याची जागा दोन-तीन मिनिटं उजळ राहिली आणि मग हळूहळू विझली. काकू म्हणाल्या, “आगं बाई, बसल्याली जागासुदिक दिसती व्हय!” पंपाच्या खोलीचे पत्रे मात्र काळेकुट्ट. चकाकणारा पत्रा स्वतःची उष्णता फारशी सोडत नाही, वरच्या थंडगार आभाळाचंच प्रतिबिंब दाखवतो.

तात्यांना जे खरं भावलं ते वेगळंच होतं. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं हे सगळ्यांना माहीत आहे. रान गारठलेलं, आणि त्यातून ते कोमट पाणी सरीसरीनं पुढे सरकत होतं. पडद्यावर ते चांदीच्या दोऱ्यासारखं चमकत होतं. बांधापाशी उभं राहून दहा-बारा सऱ्यांत पाणी कुठवर गेलं, कुठं वरंबा फुटला, कुठं उंदराच्या बिळात मुरतंय, सगळं उघडं. वाघ आपल्या जागी राहिला. “पानी दिसतंय की रं,” एवढं म्हणून त्यांनी यंत्र माझ्या हातून काढून घेतलं ते घेतलंच.

ते यंत्र मित्राकडून आठवड्यासाठी आणलेलं होतं. आता आपलं घ्यायचं ठरलं आणि मी आकड्यांच्या बाजारात शिरलो. इथं माणूस सगळ्यांत जास्त फसतो, म्हणून जरा रेंगाळतो.

विक्रेत्याला फोन केला तर त्याचा पहिला प्रश्न, “बंदुकीवर बसवायचंय का?” मी म्हटलं, उसाला पाणी द्यायचंय. तो क्षणभर गप्प झाला. (आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, तरी या यंत्रांच्या जाहिरातीतलं प्रत्येक जनावर नेमक्या मधोमध, फुलीखाली उभं असतं. सशांच्या आणि डुकरांच्या मागे रात्री फिरणाऱ्यांच्या हाती हे पडलं तर काय, हा विचार मला सुखाची झोप देत नाही.) मग त्यानं मोठ्या भिंगाचं यंत्र सुचवलं. “१२०० मीटरवरचा माणूस दिसतो, सर.”

मी वहीत गणित मांडलं. आजकालच्या बहुतेक चिपवर एकेक ठिपका १२ मायक्रोमीटरचा असतो. भिंग २५ मिलिमीटरचं (म्हणजे त्याचं नाभीय अंतर तेवढं) असेल तर शंभर मीटरवर एक ठिपका पावणेपाच-पाच सेंटीमीटर जागा व्यापतो. १२०० मीटरवर तोच एक ठिपका ५७-५८ सेंटीमीटरचा. पावणेसहा फुटी माणूस म्हणजे एकावर एक तीन ठिपके! ‘दिसतो’ या शब्दाचा अर्थ एवढाच. तिकडं काहीतरी उबदार आहे. ते माणूस, वासरू की तापलेला दगड, याचा त्यात पत्ता नाही. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ साली या गोष्टीची प्रतवारी लावून दिली, अजूनही तीच चालते. वस्तू आहे एवढं कळायला तिच्या उंचीत दोनेक ठिपके पुरतात. माणूस की जनावर हे कळायला आठेक. नेमकं कोणतं हे कळायला तेरा वगैरे. जाहिरातीत नेहमी पहिला आकडा असतो. तात्यांच्या हाकेचा पहिला अर्धा भाग.

बिबट्या खांद्याशी साठ-पासष्ट सेंटीमीटर उंच. २५च्या भिंगातून शंभर मीटरवर तो बारा-तेरा ठिपक्यांत बसतो, म्हणजे ओळखू यावा. तीनशे मीटरवर चारच ठिपके, तिथं बिबट्या आणि गावठी कुत्रं सारखंच. पण तात्यांना तीनशे मीटरशी काय करायचंय? त्यांचा बांध, त्यांचं दारं, परतीची वाट, सगळं पन्नास मीटरच्या आत. आणि मोठ्या भिंगाची दुसरी बाजू कुणी सांगत नाही, ते दुनिया आक्रसून टाकतं. २५६ ठिपक्यांच्या रुंदीची चिप आणि २५चं भिंग घेतलं तर पन्नास मीटरवर जेमतेम सहा मीटर रुंद पट्टा दिसतो. पाइपातून शेत बघितल्यासारखं. तेच भिंग १०चं असेल तर पंधरा मीटर दिसतं, आणि बिबट्या तरी दहा ठिपक्यांचा राहतो. म्हणून मी लहान भिंग मागितलं. विक्रेत्याला वाटलं, परवडत नाही म्हणून मागतोय. मी वाटू दिलं.

बाकीच्या गोष्टी झटपट. ३८४ किंवा ६४० ठिपक्यांची चिप २५६पेक्षा चांगलीच, पण किंमत झपाट्यानं चढते. डिजिटल झूम म्हणजे तेच ठिपके मोठे करून दाखवणं, त्याला भुलू नये. तापमानातला किती बारीक फरक कळतो हा आकडा मिलिकेल्विनमध्ये, म्हणजे अंशाच्या हजाराव्या भागांत, लिहिलेला असतो आणि तो जितका लहान तितका बरा. कोरड्या थंडीत पन्नास आणि पंचवीसमधला फरक जाणवणारही नाही. पावसाळ्यात, सगळं रान भिजून एकाच तापमानाचं झालेलं असताना, तोच फरक चित्र आणि चिखल यांच्यातला ठरतो. सेकंदाला नऊच चित्रं दाखवणारी स्वस्त यंत्रं असतात. नऊ का, तर अमेरिकेच्या निर्यात नियमांत त्या मर्यादेखालच्या कॅमेऱ्यांना मोकळीक जास्त आहे. चालत्या माणसाच्या हातात ती लटपटतात, पंचवीसची घ्यावीत. मोबाइलला खोचायचा थर्मल कॅमेरा गच्चीची गळती शोधायला ठीक. ओल्या हातानं, खोरं काखेत धरून तो वापरणाऱ्याला माझा नमस्कार. मधूनमधून यंत्र ‘टिक्’ आवाज करतं आणि चित्र क्षणभर थिजतं. ते बिघडलेलं नसतं, आतली झडप मिटून ते स्वतःचं माप पुन्हा लावून घेतं. पहिल्यांदा तो आवाज झाला तेव्हा तात्या दचकून मागे वळले होते.

आणि ऋतू. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये बांधावरचे दगड मध्यरात्रीपर्यंत तापलेले असतात. त्यात जनावर विरघळून जातं. तेव्हा पहाटे चारनंतरच चित्र निवळतं. पुन्हा ऊन वर आलं की एक वेळ अशी येते, जेव्हा दगड आणि अंग एकाच तापमानाला येतात आणि यंत्राला दोन्ही एकच. कोणत्याही जाहिरातीत मला ही वेळ दिसली नाही.

पाटात पडलो ते असं. अंधाराला सरावलेला डोळा तयार व्हायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो, आणि उजळ पडद्याकडे बघितलं की ती सगळी कमाई एका क्षणात जाते. मी उजव्या डोळ्यानं मिनिटभर बघितलं, यंत्र खाली घेतलं, आणि त्या बाजूचं जग गायब. पुढचं पाऊल गुडघाभर पाण्यात. तात्यांनी आधी यंत्र उचललं, मग मला. तेव्हापासून पडद्याचा उजेड अगदी खाली, आणि बघायचं ते नेहमी डाव्या डोळ्यानं, म्हणजे उजवा चालायला राहतो. ‘गरम ते पांढरं’ हा रंग बदलून ‘गरम ते काळं’ करायलाही त्यांनीच सांगितलं. संध्याकाळच्या उजेडात बांधावरचं जनावर काळंच दिसतं, डोळ्याला तीच सवय आहे, असं त्यांचं म्हणणं. भगवे-जांभळे रंगही यंत्रात आहेत. ते यूट्यूबवाल्यांसाठी.

शेजाऱ्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण अण्णा हे वाचतील. साठेक मीटरवर, बांधाच्या खालच्या अंगाला, बुटका, रुंद, निश्चल आकार. शेपूट दिसत नव्हती, पण मला ती दिसली. मी तात्यांचा दंड धरला. त्यांनी डोळ्याला लावून शांतपणे पाहिलं आणि हाक मारली, “कोन हाय रं तिकडं?” तिकडून खाकरल्याचा आवाज आला. मग बराच वेळानं, “मी हाय, तात्या. बसलोय जरा.” माणसाला अंधारात बसायचा हक्क असतो, आणि आम्ही तो दोन पेन्सिल सेलवर मोडून काढला होता. घरी येईपर्यंत तात्या हसत होते. मला हसू आलं नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हाती असलं, की दुसऱ्याचं उत्तर मन परस्पर भरून टाकतं. यंत्रानं फक्त ‘आहे’ म्हटलं होतं. ‘वाघ’ मी म्हटलं होतं.

थर्मलमध्ये बिबट्याचे ठिपके दिसत नाहीत. रात्री काळ्या ठिपक्याचं आणि पिवळ्या कातड्याचं तापमान सारखंच, त्यामुळे ते पुसले जातात, उरते एक गुळगुळीत आकृती. आणि एक बिबट्या दुसऱ्यापासून वेगळा ओळखायचा तो त्या ठिपक्यांवरून. अकोल्यातली मोजणीही त्यावरच झाली. रानात लावतात ते कॅमेरा ट्रॅप मी नीट पाहिले तेव्हा जाणवलं, की हा गुंता तिथं फार पूर्वीच सुटलाय. त्या डबीत दोन्ही आहेत. उष्णतेची हालचाल ओळखणारा एक सेन्सर, तो म्हणतो ‘कुणीतरी आलं.’ मग न दिसणाऱ्या उजेडाचा फ्लॅश, तो त्याचा चेहरा टिपतो. उसात सापडलेली पिल्लं वनखातं रात्री त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतं, आणि मादी येऊन ती मानेला धरून नेते. तिचे ठिपके मोजण्याइतके स्पष्ट फोटो याच डबीतून येतात.

मला बराच काळ एक भाबडी आशा होती, की थर्मल उसाच्या आत बघेल. नाही बघत. एक हिरवं पान मध्ये आलं की संपलं, त्याला पान दिसतं. गावात हल्ला झाल्यावर वनखात्याची माणसं थर्मल कॅमेऱ्याचं ड्रोन घेऊन येतात, तेही वरून दाट फडात शिरू शकत नाही. पानांच्या फटीतून एखादा उबदार तुकडा दिसला तर दिसला. फड काळाच राहतो. यंत्र बांध दाखवतं, वाट दाखवतं, मोकळं रान दाखवतं, आणि जिथून भीती येते ती भिंत तशीच उभी. हे मी तात्यांना दिलगिरीच्या सुरात सांगितलं. ते म्हणाले, “त्यो आत हाय का न्हाई, ते मला कुठं बगायचंय? बांधावर नसला म्हंजी झालं.”

यंत्र आता त्यांच्या बंडीच्या खिशात असतं, दोरी गळ्यात. जानेवारीत मी गावी होतो, रात्रीची लाईट होती. तीनच्या सुमाराला शेवटच्या तुकड्याला पाणी लावायचं होतं, मध्ये खोडव्याला लागून बांध. तात्या थांबले, यंत्र डाव्या डोळ्याला लावलं आणि तसेच उभे राहिले. हाक मारली नाही. मी विचारलं तर त्यांनी यंत्र माझ्याकडे दिलं.

बांधावर कुणी नव्हतं. वीसेक मीटरवर, उसाच्या कडेला, मातीवर एक काळसर डाग होता, पाणी सांडल्यासारखा लांबट. तिथं पाणी पोहोचलं नव्हतं. मी बघत राहिलो तसा तो कडेकडेनं फिका होत गेला, आणि पुन्हा फोकस लावेपर्यंत बाकीच्या मातीसारखाच झाला.

“कोण होतं?” मी विचारलं.

“बसलं व्हतं,” तात्या म्हणाले. मोबाइलवरचं भजन त्यांनी मोठं केलं, मला मधे घेतलं, आणि आम्ही दुसऱ्या बांधानं जाऊन सरीचं दारं मोडलं.